दीड एमेम

केर्लीपर्यंत बेडफर्ड बरी जाते.
केर्लीच्या पुढं, रसवंतीच्या अलीकडं
एक उचकी, मग दुसरी,
मग स्टिअरिंग धरून तिसरीची वाट बघत बसायचं
आणि ती येत नाही.
अर्धा तास थांबलं की मुकाट चालू होते.
पुन्हा चार मैल.

एसी पंप बदलला.
कार्ब्युरेटर तीनदा रॉकेलात बुडवून काढला.
उद्यमनगरातल्या शहाण्यांनी पाळीपाळीनं बॉनेटमध्ये डोकं घातलं
आणि काळं करून बाहेर काढलं.
कॉइल म्हणाले, कंडेन्सर म्हणाले.
एकजण म्हणाला, इका आता, फोटोपुरती बरी हाय.

राजेसाब शिकलगारानं बॉनेट उघडलंच नाही.
आम्ही आत्ताच टोचन करून आणलेली,
तो चहा संपेपर्यंत टाकीकडं बघत राहिला.
"हिचं पोट कवा आत गेलं?"

जुनंच आहे ते, मी म्हणालो, चौऱ्याहत्तरचं.
दौलू ड्रायव्हरनं दगडावर घातली होती.
सहा महिने पगारातून कापले आप्पांनी.

तो आडवा झाला,
गाभण म्हशीच्या कुशीवरनं फिरवावा
तसा खोलगटावरनं तळहात फिरवला.
"दगूड असता तर रंग गेला असता.
चावी द्या."

चावी. कारण झाकणाला कुलूप आहे,
लक्ष्मीपुरीतून मुद्दाम आणलेलं, पितळी,
दौलू पेट्रोल काढून विकतो असं
कुणीतरी आप्पांच्या कानात सोडल्यावर.
मरेपर्यंत चावी आप्पांच्या करगोट्याला होती.

झाकण अर्धं फिरलं
आणि टाकीनं श्वास घेतला.
लांब. आत. विहिरीत बुडी मारलेलं पोर
वर येऊन घेतं तसा.
मग पत्रा एकदा वाजला, टण्ण,
कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखा.

"इंजान पेट्रोल पितंय, तर तेवढी हवा नको व्हय आत जायाला?
कंपनीच्या झाकणाला भोक असतंय.
ह्येला न्हाई. ह्ये कुलपाचं."

शाहूपुरीतली गुळाची पेढी. सौदा नुकताच मोडलेला,
जमिनीवर मुंगळे, रव्यांच्या थप्प्या,
आणि दौलू, टोपी हातात:
"मालक, गाडीला धाप लागतीया.
झाकाण जरा सैल ठिवू द्या."
आप्पा हसले, अडत्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
बघा, चोर काय मागतोय!
हमाल हसले. दिवाणजी हसले.
मी नववीत होतो. आप्पांकडं बघून
मीही हसलो.

राजेसाबनं झाकण शिकंजात धरलं.
दीड एमेमचं ड्रिल.
पितळेचा एक कुरळा कीस निघाला,
लहान मुलाच्या जावळाएवढा.
वर बारीक जाळी डकवली,
"न्हाईतर कुंभारीण मातीचं घर करती त्यात."
पन्नास रुपये मागितले.
मी शंभर देऊ लागलो तर म्हणाला,
भोकाचे पन्नासच.

केर्ली गेली. रसवंती गेली.
वाघबिळाचा चढ दुसऱ्या गिअरात, न खोकता.
उतारावर मी बडबडत होतो, कुणाशी कोण जाणे,
बाजूची सीट रिकामी होती.

बांबवड्याच्या पुढं कुठंतरी त्याचं गाव.
फाट्यावर एका पोराला विचारलं,
दौलू कांबळ्यांचं घर कुठं?
पोरगं विचारात पडलं.
दोन-तीन दौलू होऊन गेलेत इथं.

"ड्रायव्हर होते," मी म्हणालो. "जुन्या काळी. ट्रकवर."

"हां, पेट्रोलचोराचं व्हय?" त्याचा चेहरा उजळला,
मदत करता आल्याच्या आनंदानं.
"त्ये काय, वरच्या आळीला, निळं दार.
म्हातारं गेलं कवाच. सून असती घरात."

मी गाडी बंद केली नाही.
ती उभ्या जागी थरथरत राहिली, एकसारखी,
किती वेळ तरी,
आणि माझ्या मुठीत ती चावी,
घामानं ओली.